धुराचा हिशेब कोण लिहितं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या चिमणीला चौथ्या मजल्याच्या उंचीवर लोखंडी गॅलरी आहे. दोन तरुण तिच्यावर चढले होते, एकाच्या कमरेला पट्टा आणि दुसऱ्याच्या हातात लांब नळी. चिमणीच्या अंगाला भोक पाडून त्यावर झाकण बसवलेलं असतं. या झाकणाचे बोल्ट गंजले होते आणि काही केल्या सुटेनात. खालून सल्लागारांनी ओरडून विचारलं, “तेल मारलं का रे?”

“मारलंय की सर,” वरून उत्तर आलं. “पण हे लई दिवसांत कुणी उघडलेलंच न्हाई.”

मालक माझ्याकडे बघून ओशाळं हसले, सल्लागार मात्र हसले नाहीत. ऑफिसातल्या फाइलमध्ये या चिमणीच्या तपासणीचे मागचे अहवाल तारखेनिशी लावलेले होते. प्रत्येक अहवालात धुरातल्या कणांचा आकडा मर्यादेच्या आत होता. त्या आकड्यांसाठी याच झाकणातून नळी आत जायला हवी होती, आणि झाकण तर उघडलेलंच नव्हतं. ते अहवाल आधीच्या एका प्रयोगशाळेचे होते. हे सल्लागार नव्याने नेमलेले, आणि त्यांच्या कामाची सुरुवात अशी झाली होती.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘मधली माणसं’ हा विषय दिला तेव्हा अडते, मुनीम, वकील असे नेहमीचे चेहरे डोळ्यांपुढे आले. कारखाना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या मधला सल्लागार मात्र सहसा कुणाला आठवत नाही. कारखानदाराला कायद्याची कलमं कळत नाहीत आणि मंडळाच्या अधिकाऱ्याला प्रत्येक भट्टीपाशी पोहोचायला सवड नसते. या दोघांमधली सगळी ये-जा सल्लागाराच्या हातून होते. आपल्या शहराची हवा चांगली की वाईट हे ठरवणाऱ्या कागदांपैकी बरेचसे त्याच्या ऑफिसात तयार होतात. हे कागद कसे बनतात ते बघायला मी कोल्हापूर गाठलं. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं बनवता बनवता शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचा जो हात बसला, तो पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत पसरला. मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांचे ओतीव भाग इथे बनतात. लोखंड वितळवायचं म्हटलं की धूर आणि धूळ आलीच.

कन्सेंटची फाइल

हवा प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १९८१चा. त्याच्या कलम २१नुसार प्रदूषण करू शकणारा कारखाना मंडळाच्या संमतीशिवाय उभारताही येत नाही आणि चालवताही येत नाही. उभारणीची संमती वेगळी, चालवण्याची वेगळी, आणि चालवण्याच्या संमतीचं मुदतीनंतर नूतनीकरण. वसाहतीत या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘कन्सेंट’. “कन्सेंट आलं का?”, “कन्सेंट संपलंय”, “कन्सेंटला पैसे भरले” ही वाक्यं इथे चहाच्या गाड्यावरही ऐकू येतात.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झालं, तेही पाण्याच्या प्रदूषणाच्या कायद्याखाली. हवेची जबाबदारी नंतर आली. आता उद्योग लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशा रंगांत विभागलेले आहेत. पांढरा गट २०१६मध्ये आला आणि त्याला संमतीची गरज ठेवली नाही. २०२५मध्ये कचरा व्यवस्थापनासारख्या सेवांसाठी निळा गटही आला. रंगावरून संमतीची मुदत ठरते, तर शुल्क ठरतं भांडवली गुंतवणुकीवरून. त्यामुळे चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला लागतो. नवीन यंत्र घेतलं की गुंतवणूक बदलते, कधी उत्पादनाची क्षमताही वाढते, आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. लहान फौंड्रीत मालक, मॅनेजर आणि खरेदी अधिकारी ही तिन्ही पदं एकाच माणसाकडे असतात. पोर्टलवर अर्ज भरणं, त्रुटी निघाली की उत्तर देणं, सुनावणीला जाणं हे सगळं त्याने सल्लागारावर सोपवलेलं असतं.

पण कन्सेंटचं खरं वजन त्याला जोडलेल्या अटींत असतं. चिमण्या किती, त्यांची उंची किती, इंधन कोणतं, धूर गाळायला कोणतं यंत्र, धुरात कण किती चालतील, चिमणीला भोक, शिडी आणि गॅलरी आहे का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. अटी पाळल्या जाव्यात म्हणून मंडळ बँक गॅरंटी घेतं आणि मोडल्या तर जप्त करतं. फौंड्रीसाठी केंद्राच्या पर्यावरण संरक्षण नियमांत आकडे दिलेले आहेत. तासाला तीन टनांपेक्षा कमी वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीला घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम कण चालतात. त्याहून मोठ्या क्युपोलाला १५०, आणि विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीलाही १५०. संमतीपत्रातली मर्यादा याहून कडकही असू शकते.

सल्लागाराच्या टेबलावर या अटींचं रूपांतर साध्या गणितात होतं. जनरेटरच्या चिमणीचंच बघा. इमारतीच्या उंचीत किलोव्होल्ट-अँपिअरच्या वर्गमूळाचे ०.२ पट मिळवायचे, असं सूत्र आहे. ४०० केव्हीएच्या जनरेटरसाठी २० गुणिले ०.२ म्हणजे ४ मीटर. चिमणी छताच्या ४ मीटर वर गेली पाहिजे. कोळशाच्या भट्टीला गंधकाचा हिशेब लागतो. तासाला एक टन कोळसा जळत असेल आणि त्यात अर्धा टक्का गंधक असेल, तर तासाला ५ किलो गंधकापासून १० किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. सूत्रात घातलं की उंची सुमारे २८ मीटर येते. “मालकाला चिमणीचा खर्च टोचतो,” सल्लागार म्हणाले. “म्हणून मी त्यांच्यासमोर कागदावर करून दाखवतो. एकदा गणित दिसलं की वाद मिटतो.”

तीन धंदे, एक पाटी

‘पर्यावरण सल्लागार’ या पाटीमागे तीन वेगळे धंदे चालतात.

पहिला कागदाचा. संमतीचे अर्ज, नूतनीकरण, नोटिशीला उत्तर, आणि दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं ‘फॉर्म पाच’ म्हणजे वार्षिक पर्यावरण विवरण. गणपती उठले की सल्लागारांच्या ऑफिसात या फॉर्मची धांदल असते. वर्षभरात किती कच्चा माल, किती वीज, किती पाणी लागलं आणि किती प्रदूषण बाहेर गेलं, याचा तो हिशेब. कायद्याला अपेक्षा होती की हा हिशेब मांडताना कारखानदाराला आपली उधळपट्टी दिसेल. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी गेल्या वर्षीची फाइल उघडून आकडे थोडे हलवले जातात.

दुसरा धंदा यंत्रांचा. सायक्लोन, बॅग फिल्टर, स्क्रबर, डक्ट आणि पंखे यांची रचना करून ते बसवून देणं. तिसरा प्रयोगशाळेचा, म्हणजे चिमणीतून आणि आजूबाजूच्या हवेतून नमुने घेऊन अहवाल देणं. त्यासाठी प्रयोगशाळेला मान्यता लागते.

कागद बनवणारा, यंत्र विकणारा आणि यंत्र चालतं की नाही हे तपासणारा, असे तिघे एकाच छताखाली असतील तर काय होणार, हे सांगायला पर्यावरणशास्त्र शिकावं लागत नाही. आपणच बसवलेलं यंत्र धूर नीट गाळत नाही, असा अहवाल कोण देईल? मी भेटले त्या सल्लागारांनी यंत्रांचा धंदा मुद्दाम सोडला आहे. “कमाई त्यातच आहे,” असंही त्यांनीच सांगितलं.

नव्वद मिलिग्रॅम

बोल्ट अखेर कापून काढले. झाकण उघडलं आणि नळी आत गेली. नळीच्या टोकाला थिंबल असते, बोटाएवढी गाळणी. तिचं कोरडं वजन प्रयोगशाळेत आधीच नोंदलेलं असतं. पंप चिमणीतली हवा थिंबलमधून ओढतो, कण आत अडकतात, मग थिंबल पुन्हा वजन करायची. मिनिटाला २० लिटर या वेगाने अर्धा तास ओढलं की ६०० लिटर होतात, म्हणजे ०.६ घनमीटर. मर्यादा १५०ची असेल तर थिंबलमध्ये जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम धूळ चालते. तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढं वजन. १४८चा अहवाल ‘पास’ आणि १५२चा ‘नापास’, तर त्या दोघांमधला फरक अडीच मिलिग्रॅमहूनही कमी.

एवढ्याशा वजनावर एवढं मोठं ओझं आहे म्हणून नमुना घेण्याची पद्धत काटेकोर ठेवली आहे. भोक कुठे पाडायचं तेही ठरलेलं आहे. वळण किंवा पंख्यापासून पुढे चिमणीच्या आठ व्यासांइतक्या अंतरावर आणि तोंडाच्या किंवा पुढच्या अडथळ्याच्या दोन व्यास अलीकडे. त्याआधी हवा घुसळलेली असते. नळीतून हवा ओढण्याचा वेग चिमणीतल्या हवेच्या वेगाएवढाच हवा. वेग जास्त झाला तर जड कण आपल्या ओघात सरळ वर निघून जातात, नळीत जास्तीची हवाच शिरते आणि आकडा कमी येतो. वेग कमी ठेवला तर उलटं होतं. म्हणून वर उभा असलेला मुलगा आधी पिटॉट ट्यूबने वेग मोजतो, तापमान बघतो आणि नंतर पंपाचा नॉब फिरवतो. खोटं बोलायचंच असेल तर त्यासाठी आकडा खोडायची गरज नाही. नॉब थोडा जास्त फिरवला तरी पुरतं.

त्याहूनही सोपी वाट आहे वेळेची. इंडक्शन भट्टीत भंगार पडतं तेव्हा धूर उसळतो. लोखंड पातळ होऊन ओतण्याची वाट पाहत थांबलेलं असतं तेव्हा धूर फार कमी असतो. नमुना दुसऱ्या वेळी घेतला तर अहवाल नेहमीच चांगला येतो, आणि त्यात एकही शब्द खोटा नसतो. या सल्लागारांनी प्रयोगशाळेच्या फॉर्मवर स्वतःचा एक रकाना वाढवला आहे. भट्टीत चार्ज किती वाजता पडला आणि नमुना किती वाजता सुरू झाला, हे त्यात लिहायचं. “हा रकाना कुणी मागत नाही,” ते म्हणाले. “पण मला रात्री झोप लागते.”

मंडळाचे अधिकारीही नमुने घेतात. वसाहतीत त्याला ‘जेव्हीएस’ म्हणतात. जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पलिंग. कायद्याच्या कलम २६प्रमाणे कारखान्याच्या प्रतिनिधीसमोर नमुना घ्यायचा, त्यावर सील लावायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. या आकड्याला कोर्टात किंमत असते. पण अधिकारी थोडे आणि चिमण्या भरपूर, म्हणून वर्षभराचा बहुतेक पुरावा कारखान्याने नेमलेल्या प्रयोगशाळेतूनच येतो.

हुड आडवा येतो

फौंड्रीतला सगळ्यात मोठा घोळ चिमणीत नसतोच. तो भट्टीच्या तोंडाशी असतो.

क्युपोला भट्टीत धूर आपोआप उभ्या नळकांड्यातून वर जातो. नियमच आहे की चार्जिंगच्या दाराच्या वर चिमणी हवी आणि तिची उंची भट्टीच्या व्यासाच्या किमान सहापट हवी. इंडक्शन भट्टी वरून उघडी असते, आणि तिच्यासाठी नियम सांगतो की धूर आधी गोळा करा, मग चिमणीतून सोडा. गोळा करायला हुड बसवतात. भट्टीच्या तोंडावर झुकलेला पत्र्याचा मोठा टोप. त्याला जोडलेल्या डक्टमधून पंखा धूर ओढतो आणि बॅग फिल्टरकडे नेतो. कागदावर सगळं बरोबर दिसतं.

जमिनीवर काय होतं ते मी पाहिलं. क्रेनच्या बादलीतून भंगार भट्टीत टाकायचं होतं. कामगाराने हुड बाजूला ढकलला. बादली आली, भंगार पडलं आणि पिवळसर धुराचा लोट उठून पत्र्याच्या छपराकडे निघाला. हुड मोकळाच उभा राहिला. भट्टीवरचे मामा म्हणाले, “ताई, हुड आडवा आल्यावर बादली कुठनं घालायची? आणि सारखा ढकलायचा म्हंजे हात भाजतात.” मामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो हुड बसवणाऱ्याने भट्टीचं तोंड मोजलं होतं, बादलीचा रस्ता मोजला नव्हता.

इथून पुढे जे कळलं ते मला सगळ्यात धक्कादायक वाटलं. हुड जितका बेकार, चिमणीचा अहवाल तितका चांगला. धूर डक्टमध्ये शिरलाच नाही तर चिमणीतून जाणारी हवा स्वच्छच असणार. थिंबल पांढरी येते, कागदावर ३० किंवा ४०चा आकडा लागतो, आणि सगळा धूर छपराच्या फटींतून शेजारच्या वस्तीकडे जातो. त्या धुराला चिमणी नाही, म्हणून भोक नाही, आणि भोक नाही म्हणून आकडाही नाही. या धुराला ‘फ्युजिटिव्ह’ म्हणतात. आत उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत तो सर्वांत आधी जातो. वाळूच्या साच्यांतून उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. तो आजार बरा होत नाही. पण शेडमधली हवा कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्याच्या कायद्याखाली येते. तिथे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं राज्य आहे, प्रदूषण मंडळाचं नाही. छपराच्या पत्र्यापाशी एका खात्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते.

सल्लागारांनी इथे सुचवलेला उपाय महागडा नव्हता. हुडला बिजागरी लावून तो क्रेनच्या रस्त्यातून आपोआप सरकेल असा करायचा, भट्टीच्या तोंडाभोवती अर्धं कडं ठेवायचं आणि पंख्याची ओढ चार्जिंगच्या वेळेला वाढवायची. हुड तोंडापासून जितका दूर जातो, तितकी त्याची ओढ झपाट्याने कमी होते. दोन फूट जवळ आणला तर मोठा पंखा घेण्याची गरज उरत नाही. या दुरुस्तीनंतर चिमणीचा आकडा वाढणार हेही त्यांनी मालकांना आधीच सांगून ठेवलं. “म्हणजे पैसे खर्चून रिपोर्ट खराब करायचा?” मालकांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता.

भंगाराच्या ढिगापासून

चांगला सल्लागार चिमणीकडे शेवटी जातो, हे मला त्या दिवशी कळलं. हे सल्लागार आधी भंगाराच्या ढिगाकडे गेले. तेलकट चिप्स, रंगवलेले पत्रे, आणि जस्ताचा मुलामा दिलेले गॅल्व्हनाइज्ड तुकडे त्यांनी बाजूला काढून दाखवले. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. लोखंड पातळ व्हायच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ उठते आणि हवेत तिची पांढरी, अतिशय बारीक पूड होते. तेलकट भंगाराचा धूर काळा, जस्ताचा पांढरा. भट्टीवरून कोणता धूर उठतो यावरून खरेदी विभागाने काय आणलं ते ओळखता येतं. स्वच्छ भंगार थोडं महाग पडतं, पण मळी कमी निघते, विजेचा खप कमी होतो आणि फिल्टरवरचा भार घटतो.

मग बॅग फिल्टर. मोठ्या पेटीत उभ्या टांगलेल्या कापडी पिशव्या. धूळ बाहेरून चिकटते, स्वच्छ हवा आतून वर जाते आणि ठरावीक वेळाने दाबलेल्या हवेचा झटका देऊन धूळ खाली हॉपरमध्ये झटकली जाते. पॉलिएस्टरच्या पिशव्या साधारण १३० अंशांपर्यंत टिकतात. त्याहून गरम हवेला वेगळं कापड लागतं. एखादी ठिणगी आत आली तर पिशवीला भोक पडतं आणि पुढे सगळा धूर त्या एका भोकातून निघून जातो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर ओल धरून धुळीचा लेप बसतो आणि पिशव्या कोंदतात. हे कळण्यासाठी पेटीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारी साधी काचेची नळी पुरते. फरक फार वाढला तर पिशव्या कोंदल्या, अचानक पडला तर फाटल्या. इथली नळी फुटलेली होती. ती पहिल्या दिवशी बदलली.

शेवटी पंखा. ३० अश्वशक्तीचा पंखा तासाला जवळजवळ २२ युनिट वीज खातो. रात्रपाळीचे दहा तास म्हणजे २२० युनिट. उद्योगाचा दर युनिटला आठ-नऊ रुपये धरला तर एका रात्रीत दोन हजारांच्या आसपास. महिनाभर रात्री पंखा बंद ठेवला तर पन्नास हजारांच्या घरात बचत. अंधारात धूर दिसतही नाही. रात्री औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना धुराचा वास जास्त का येतो, याचं एक उत्तर या हिशेबात आहे. मंडळाच्या संमतीपत्रात यासाठीच एक अट असते, की प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला वेगळा वीज मीटर लावायचा. भट्टीचे युनिट आणि पंख्याचे युनिट शेजारी शेजारी मांडले की पंखा कधी झोपला होता ते लगेच समजतं. थिंबल अर्ध्या तासाची साक्ष देते, हा मीटर पूर्ण महिन्याची.

पैसे कोण देतो

“रिपोर्टचं बिल निघतं, भंगाराच्या सल्ल्याचं निघत नाही,” सल्लागार परतीच्या वाटेवर म्हणाले. पूर्ण धंद्याची अडचण या एका वाक्यात आली. कारखानदाराला मंडळासमोर ठेवायला कागद हवा असतो, त्याचेच पैसे तो देतो. आणि कागद चांगला आला नाही तर पुढच्या वेळी दुसरी प्रयोगशाळा.

शेजारच्या गुजरातमध्ये हा संशय आकड्यांनी तपासला गेला. तिथे १९९६मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरण लेखापरीक्षणाची योजना सुरू झाली. कारखान्याने लेखापरीक्षक निवडायचा, त्याला पैसे द्यायचे, त्याने अहवाल मंडळाला पाठवायचा. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरातच्या मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरतच्या ४७३ कारखान्यांत २००९पासून दोन वर्षं प्रयोग केला. जुन्या पद्धतीच्या गटात लेखापरीक्षकांनी धुरातल्या कणांची मर्यादा ओलांडणारे ७ टक्के कारखाने सांगितले. स्वतंत्र फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. अहवालांतले आकडे १५०च्या जरा खाली दाटीवाटीने बसलेले होते. खऱ्या चिमण्यांचे आकडे असे कधी एका ओळीत बसत नाहीत.

प्रयोगाच्या गटात केलेला बदल साधा होता. लेखापरीक्षक चिठ्ठी टाकून नेमायचा, त्याची ठरलेली फी सामाईक निधीतून द्यायची, काही नमुने पुन्हा तपासायचे आणि दुसऱ्या वर्षी अचूकतेवर बक्षीस ठेवायचं. माणसं तीच होती, उपकरणं तीच, भोकंही तीच. खोटे ‘पास’ अहवाल ८० टक्क्यांनी घटले, आणि त्या कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही कमी केलं. त्यांना दिसलं की यापुढे कागद विकत मिळणार नाही. २०१५मध्ये गुजरातच्या मंडळाने लेखापरीक्षक चिठ्ठीने नेमण्याची पद्धत स्वीकारली.

मी ही गोष्ट शिरोलीच्या मालकांना सांगितली. ते म्हणाले, “मला तर बरंच आहे. आता जो कमी दर सांगेल त्याला घ्यायचं आणि तो काय करतो ते बघायचं नाही, असं चाललंय. सगळ्यांनाच सारखं पडलं तर माझा शेजारी स्वस्तात सुटणार नाही.” नियम पाळण्याचा खर्च कुणालाच आवडत नाही. पण शेजारी तो खर्च चुकवून स्वस्तात माल विकतो, हे त्याहून जास्त झोंबतं.

सतत मोजणारी यंत्रं

२०१४मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सिमेंट, साखर, औष्णिक वीज अशा सतरा अतिप्रदूषक उद्योगप्रकारांना चिमणीत सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितली. आकडे थेट मंडळाच्या संगणकावर जातात आणि मर्यादा ओलांडली की सूचना येते. लहान फौंड्र्या यात येत नाहीत. पण या यंत्रांमुळे सल्लागारांच्या कामाचा चौथा प्रकार जन्माला आला, म्हणजे सेन्सर तपासणं, त्याचं प्रमाणीकरण करणं आणि तुटलेली जोडणी दुरुस्त करणं.

यंत्र लावलं की माणसाची लबाडी संपली, असं मात्र नाही. सेन्सरचा शून्य सरकतो, काचेवर धूळ बसते, प्रमाणीकरण करताना वापरलेला गुणक चुकतो. कधी आकडा तासन्‌तास एकाच जागी ठाण मांडून बसतो. धावत्या भट्टीचा आकडा असा कधी बसत नाही, तेव्हा तो आलेख पाहणाऱ्या जाणकाराला लगेच खटकतो. खटकण्यासाठी मात्र कुणीतरी बघणारा लागतो.

बघणारे वाढावेत म्हणून महाराष्ट्र मंडळाने २०१७मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर तारांकन योजना सुरू केली. चिमणीतल्या कणांच्या मोजणीवरून कारखान्याला एक ते पाच तारे द्यायचे आणि ते लोकांना पाहता येतील असे ठेवायचे. सुरतमध्ये २०१९पासून त्याच्याही पुढचं पाऊल पडलं. कापड उद्योगाच्या कारखान्यांना मिळून धुराचा एक कोटा ठरवला आणि त्यातल्या परवान्यांची खरेदी-विक्री करायला मोकळीक दिली. ज्याला धूर कमी करणं स्वस्त पडतं तो करतो आणि उरलेला परवाना विकतो. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बाजारातल्या कारखान्यांचे कण २० ते ३० टक्क्यांनी घटले. या बाजाराचा पायाच सतत मोजणारी यंत्रं होती. आकडा खरा असेल तरच त्याला भाव मिळतो.

नवे नियम

जनविश्वास कायद्याने २०२४पासून हवा कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. दंड न्यायालयात न जाता अधिकारी ठरवू शकतो. कोर्टाचे खेटे टळले हे खरं, पण मोठ्या कारखान्यासाठी दंड हा खर्चाचा आणखी एक रकाना होऊ शकतो, हेही तितकंच खरं. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम आणले. त्यात नोंदणीकृत लेखापरीक्षक आहेत आणि त्यांची नेमणूक यादृच्छिक पद्धतीने करायची तरतूद आहे. गुजरातच्या प्रयोगाचा धडा देशाच्या नियमात उतरला आहे.

मी भेटले त्या सल्लागारांना या नियमांची भीती वाटत नाही, त्यांना वेगळीच काळजी आहे. “चिठ्ठीने आलेला परीक्षक एका दिवसात तपासून जाईल,” ते म्हणाले. “हुड सरकवायला मामांशी गप्पा कोण मारणार? त्याचे पैसे कोण देणार?” त्यांचं म्हणणं मला पटलं. तपासणी करणारा आणि मदत करणारा ही दोन वेगळी माणसं हवीत, आणि दोघांनाही पैसे मिळायला हवेत. पहिल्याचे कारखान्याकडून थेट मिळू नयेत, दुसऱ्याचे कारखान्याकडूनच मिळावेत, आणि तेही अहवालाच्या निकालावर ठरू नयेत. आज दोन्ही कामं एकाच माणसाकडे आहेत, आणि बिल मात्र फक्त अहवालाचं निघतं.

तोपर्यंत आपल्यासारख्या शेजाऱ्यांच्या हातातही काही गोष्टी आहेत. कारखान्याच्या धुराची तक्रार केल्यावर समोर चिमणीचा अहवाल ठेवला गेला, तर नुसता आकडा वाचू नका. नमुना भट्टीत भंगार पडत असताना घेतला होता की नंतर, ते विचारा. भट्टीचे आणि पंख्याचे गेल्या महिन्याचे वीज युनिट मागा. आणि धूर चिमणीतून निघतोय की छपरातून, ते स्वतः डोळ्यांनी बघा. छपरातून निघत असेल, तर तो अहवाल कितीही सुंदर असला तरी त्यात त्या धुराचा हिशेब नाही, हे मंडळाला लेखी कळवा.